शाळेतलं पाणी दुपारीच का संपतं? सहावी ते आठवीसाठी समस्याधारित अध्ययन कसं करावं

‘टाकीची लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची १ मीटर, तर तीत किती लिटर पाणी मावेल?’ आठवीतली बरीच मुलं हे उदाहरण दोन मिनिटांत सोडवून वही पुढे करतात. त्याच मुलांना विचारा, ‘आपल्या शाळेच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे? आणि ती मधल्या सुट्टीनंतर रिकामी का असते?’ वर्ग गप्प होतो. सूत्र त्यांना येत असतं. ते इथे लागतं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

समस्याधारित अध्ययन इथून सुरू होतं. नेहमीच्या तासिकेत आधी धडा असतो, मग सोडवलेली उदाहरणं, मग स्वाध्याय आणि वेळ उरलाच तर ‘दैनंदिन जीवनातील उपयोग’. इथे क्रम उलटा. आधी मुलांच्या रोजच्या जगण्यातली खरी अडचण समोर येते, ती सोडवताना कुठे अडतं ते कळतं, आणि अडलेल्या जागी धडा येतो. माझ्या मते या पद्धतीचा सगळा फायदा या क्रमातच आहे. क्रम न बदलता नुसतं नाव बदललं तर हाती काही लागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढू. शाळेत ज्याला ‘प्रकल्प’ म्हणतात ते बहुतेक वेळा धडा संपल्यावर केलेलं सजावटीचं काम असतं. थर्माकोलचा जलचक्राचा देखावा, कार्डशीटवर चिकटवलेली चित्रं, आणि त्यासाठी रात्री अकरापर्यंत जागणारी आई. त्यात मुलाला कुठलाच निर्णय घ्यावा लागत नाही. समस्याधारित अध्ययनात उत्तर आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे मुलांना निवड करावी लागते आणि ती निवड चारचौघांत पटवून द्यावी लागते.

ही पद्धत या नावाने आधी वैद्यकीय शिक्षणात रुजली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून भावी डॉक्टरांना सुट्या विषयांच्या व्याख्यानांऐवजी रुग्णाच्या तक्रारीपासून शिकवायला सुरुवात झाली. पण आपल्याकडे हा विचार परका नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो नेमका सहावी ते आठवीसाठी; गावातल्या साध्या शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढत आणि हा कार्यक्रम तीस वर्षं चालला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून गावाच्या गरजा हाच अभ्यासक्रम मानून काम केलं. तेव्हा ‘हे परदेशातलं, आपल्या शाळांत जमणार नाही’ ही शंका बाजूला ठेवायला हरकत नाही.

याच वयात का?

अकरा ते चौदा या वयात मुलं ‘समजा असं केलं तर काय होईल?’ असा विचार करू लागतात. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल तर्क करणं, दोन कारणं वेगळी काढणं, दुसऱ्याच्या म्हणण्यातली चूक पकडणं हे त्यांना नव्याने जमू लागतं आणि वापरून पाहावंसंही वाटतं. याच वर्षांत ‘हे शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न सुरू होतो. त्याला आपण उद्धटपणा समजतो. खरं तर तो रास्त प्रश्न आहे आणि त्याला कृतीतून उत्तर मिळालं नाही, तर मूल वर्गात बसतं पण मनाने निघून जातं. शिवाय सहावीपासून विषय सुटे होतात, शिक्षक बदलतात. गणिताचं डोकं वेगळं, भूगोलाचं वेगळं अशी कप्पेबंदी मुलांच्या मनात पक्की होऊ लागते. पाण्याची टाकी गणितात बसते, विज्ञानात बसते, भूगोलातही बसते. ती कप्पेबंदी मोडायला असा एक विषय पुरतो.

आता पायऱ्या. उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एखादी शाळा धरू: पहिली ते सातवी, पट १५०. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतल्या माणला पाचशेच्या आसपास.

पहिली पायरी: समस्या निवडणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं कोसळतं. निवडलेल्या समस्येला मी तीन कसोट्या लावते. ती मुलांना स्वतःला सोसावी लागते का? तिला एकापेक्षा जास्त उत्तरं निघू शकतात का? आणि सोडवताना या वर्षीच्या अभ्यासक्रमातलं काही अटळपणे लागतं का? ‘जागतिक तापमानवाढ’ पहिल्या कसोटीवर नापास होते. ती खरी आहे, गंभीर आहे, पण सातवीच्या मुलांना तिच्यावर तीन आठवड्यांत काही करता येत नाही; मग घोषवाक्यं तयार होतात. ‘पाणी वाचवा’ हाही विषय झाला, समस्या नव्हे. ‘आपल्या शाळेचं पाणी दुपारी दीडलाच संपतं आणि शौचालय वापरता येत नाही’ ही समस्या.

शौचालयाचा उल्लेख मुद्दाम केला. पाणी नसलं की मुली दिवसभर पाणी पिणंच टाळतात, हे शाळेत वावरणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. हा भाग वर्गात उघड चर्चेला आणू नका. नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या, किंवा बाईंनी मुलींशी वेगळं बोलावं. समस्या खरी असली की तिच्यासोबत अशा नाजूक गोष्टीही येतात आणि त्या सांभाळण्याची जबाबदारी मोठ्यांची.

दुसरी पायरी: आपली तयारी

समस्याधारित अध्ययनात शिक्षकाचं काम कमी होतं असा समज आहे. काम कमी होत नाही, ते आधी करावं लागतं. मुलांना टेप हातात देण्यापूर्वी तुम्ही स्वतः टाकी मोजा, गळके नळ पाहा, छपराचं क्षेत्रफळ काढा. मग अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे त्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याची, यादी समोर ठेवून कुठे काय येईल ते लिहा. गणितात परीघ, क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, शेकडेवारी. भूगोलात पाऊस आणि पर्जन्यछाया. विज्ञानात पाण्याची शुद्धता. मराठीत मुलाखत, अहवाल आणि विनंतीपत्र. तीन आठवड्यांत बारा ते चौदा तासिका लागतात. त्या एका विषयातून काढायला गेलात तर पोर्शन बोंबलेल. चार विषयांच्या शिक्षकांनी आधी बसून वाटून घेतल्या, तर कुणालाच जड जात नाही. एकाच शिक्षकाकडे वर्ग असलेल्या लहान शाळेला इथे उलट सोय आहे; वेळापत्रकासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. मुलं तासाला मैदानात आणि नळाशी दिसणार आहेत.

तिसरी पायरी: समस्या मांडणं आणि तीन रकाने

पहिल्या तासिकेत भाषण नको. मुलांना रिकाम्या टाकीपाशी न्या, किंवा फळ्यावर एकच वाक्य लिहा. मग फळ्याचे तीन भाग करा: ‘आपल्याला काय माहीत आहे’, ‘काय शोधावं लागेल’ आणि ‘कसं शोधणार’. मुलं सांगतील ते सगळं लिहा, चुकीचं वाटलं तरी. ‘पाचवीची पोरं नळ चालू ठेवतात’ हे पहिल्या रकान्यात येईल. ते खोडू नका. फक्त विचारा, ‘हे आपल्याला माहीत आहे की वाटतंय?’ वर्ग स्वतःच ते वाक्य उचलून दुसऱ्या रकान्यात टाकतो. माहीत असणं आणि वाटणं यातला फरक मुलं या एका हालचालीतून शिकतात. त्यावर वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

या तासिकेत उपाय सुचवायला बंदी ठेवा. ‘नवीन टाकी घ्या’ हे उत्तर पाचव्या मिनिटाला येतंच आणि ते आलं की शोध थांबतो. वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवायला सांगा.

चौथी पायरी: गट

चार-पाच जणांचा गट पुरे. सातआठ झाले की दोघं काम करतात, बाकीचे पाहतात. गटात कामं वाटून द्या: एक जण मोजणारा, एक नोंद ठेवणारी, एक जण आकडा पुन्हा तपासणारा, एक सांगणारी. दर आठवड्याला कामं बदला. नाहीतर हुशार मुलगा कायम मोजतो आणि सुंदर अक्षराची मुलगी कायम लिहीत बसते. पक्के मित्र एकाच गटात नकोत, आणि सगळी ‘कच्ची’ मुलं एका गटात तर मुळीच नकोत. वर्गात मागे पडलेलं एखादं मूल घरी मोटार चालू-बंद करणारं, वडिलांबरोबर पाइप जोडणारं असतं. या कामात त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं आणि ते वर्गाला पहिल्यांदाच दिसतं. या पद्धतीच्या फायद्यांत मी हा फार वरचा मानते.

पाचवी पायरी: शोध, आणि अडेल तिथे धडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. टाकीपासून सुरुवात करू. काळी, गोल, प्लास्टिकची टाकी. घनफळ काढायला त्रिज्या हवी, पण भरलेल्या टाकीचा व्यास आतून मोजायचा कसा? मुलं थोडा वेळ टेप आडवा धरून बघतात. मग कुणाला तरी सुचतं की बाहेरून दोरी गुंडाळता येईल. दोरी भरली ३४५ सेंटिमीटर. हा परीघ. आता वर्गात या आणि परिघाचा धडा घ्या. पंधरा मिनिटं पुरतात. ३४५ भागिले ३.१४, म्हणजे व्यास सुमारे ११० सेंटिमीटर, त्रिज्या ५५. टाकीच्या सरळ भागाची उंची १०५. वृत्तचितीचं, म्हणजे अशा गोल नळकांड्याच्या घनफळाचं, सूत्र आठवीत येतं. सातवीच्या मुलांना ‘तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची’ एवढं सांगितलं तरी चालतं. उत्तर येतं साधारण ९९७ लिटर. टाकीवर छापलेलं असतं १०००. तीन लिटरचा फरक कुठून आला यावर वर्ग जितका वेळ वाद घालेल तितका घालू द्या. दोरी ढिली होती का? प्लास्टिकची जाडी? वरचा घुमट धरला का? मोजमापातली चूक म्हणजे काय, हे इतकं सहज दुसरीकडे कुठे शिकवता येत नाही.

दुसरा गट गळक्या नळाखाली १०० मिलिलिटरचा मापाचा पेला ठेवतो. तो भरायला २५ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ४ मिलिलिटर, तासाला २४०. चोवीस तासांना पावणेसहा लिटर. मुलं हा आकडा मोठ्या आनंदाने फळ्यावर लिहितात. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, “पण बाई, टाकी दुपारीच रिकामी होते ना? मग रात्री गळणार काय?” अशा वेळी ‘शाब्बास’ म्हणून पुढे जाऊ नका. “बरं, मग किती तासांनी गुणायचं?” एवढंच विचारा. पुन्हा गुणलं की आकडा दीड-पावणेदोन लिटरवर येतो आणि मुलांना कळतं की गळका नळ हे इथलं मुख्य कारण नाही. ज्याला दोषी धरलं होतं तो निर्दोष निघाला, आणि तेही त्यांच्याच आकडेमोडीने.

तिसरा गट वापर मोजतो. मधल्या सुट्टीत नळापाशी उभं राहून खुणा करायच्या, ताटं धुवायला आणि शौचालयाला किती बादल्या लागल्या ते स्वयंपाकाच्या ताईंना आणि सफाईच्या मावशींना विचारायचं. मुलाखतीला जाण्याआधी प्रश्न लिहून घ्या आणि बोलायची रीत वर्गात एकदा करून पाहा. ‘तुम्ही किती पाणी वाया घालवता?’ असं विचारलं तर ताई पुढचं काही सांगणार नाहीत. समजा माणशी रोज ५ लिटर वापर निघाला: १५० मुलांना ७५० लिटर. टाकी हजाराची, मग दुपारी का संपते? याचं उत्तर कागदावर नाही. टाकी सकाळी पूर्ण भरते का, मोटार किती वेळ चालते, वीज किती वाजता येते हे पाहायला मुलांना पुन्हा बाहेर जावं लागतं.

चौथ्या गटाला छपरावरच्या पावसाचा विचार द्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हे मुलांना आधी स्वतः काढू द्या. पत्र्याचं उतरतं छप्पर मोजताना मुलं पत्र्याची तिरकी लांबी धरतात. पाऊस वरून सरळ पडतो, त्यामुळे छपराने जमिनीवर जेवढी जागा झाकली तेवढंच क्षेत्रफळ धरायचं. वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर टेप टाकून मोजायचं. ते २४ मीटर गुणिले ७ मीटर, म्हणजे १६८ चौरस मीटर निघालं असं धरा. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८४,००० लिटर. थोडं उडतं, थोडं सांडतं, म्हणून ८० टक्के धरलं तर ६७,२००. शाळेची जवळपास ९० दिवसांची गरज! वर्गात जल्लोष होतो.

आता तुमचा प्रश्न: “साठवणार कुठे?” ५,००० लिटरची टाकी घेतली तर ती सुमारे ३७ मिलिमीटर पावसात भरते, एखाद्या दमदार पावसाचं काम. आणि भरलेली टाकी पुरते साडेसहा दिवस. उरलेलं पाणी? इथून बोअरचं पुनर्भरण, शोषखड्डा, टाकीचा खर्च हे विषय मुलांच्या तोंडून निघतात. पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून द्यायचं, आणि छपराचं पाणी पिण्यासाठी नव्हे तर शौचालय आणि झाडांसाठी, हे मात्र तुम्ही स्पष्ट सांगा. गच्चीवर, टाकीवर मुलांना एकटं चढू देऊ नका. काही गोष्टी मुलांनी शोधायच्या नसतात.

किती सांगायचं, किती थांबायचं?

सगळ्यात अवघड भाग हाच. या पद्धतीवर मोठी टीकाही झाली आहे. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी मांडलं की विषयात नवख्या असलेल्या मुलांना फारसं मार्गदर्शन न देता सोडून दिलं, तर त्यांच्या डोक्यावर भलताच ताण येतो आणि शिकणं होत नाही. मला ही टीका मान्य आहे. ‘मुलं आपोआप शिकतात’ म्हणून खुर्चीत बसून राहणं म्हणजे समस्याधारित अध्ययन नव्हे. परिघाचं सूत्र मुलांनी शून्यातून शोधावं असा हट्ट धरू नका. त्याची गरज त्यांना शोधू द्या, सूत्र तुम्ही शिकवा. साधा नियम असा: निर्णय मुलांचा, कौशल्य शिक्षकाने शिकवलेलं. एखादा गट अडला तर आधी विचारा, ‘आत्तापर्यंत काय करून पाहिलं?’ तरीही हलला नाही तर इशारा द्या. तासिका संपत आली आणि गट तिथेच असेल तर सरळ दाखवा.

परीक्षेचं काय, हे पालक विचारणारच. त्यांना खरं ते सांगा. २००९ साली स्ट्रोबेल आणि व्हॅन बार्नेव्हेल्ड यांनी या विषयावरच्या अनेक आढाव्यांचा एकत्र अभ्यास केला. लगेचच्या पाठांतरावर आधारलेल्या चाचण्यांत पारंपरिक शिकवणं थोडं पुढे दिसलं; दीर्घकाळ लक्षात राहणं आणि कौशल्यं यांत समस्याधारित पद्धत पुढे होती. त्यातला बराच पुरावा मोठ्या विद्यार्थ्यांचा, वैद्यकीय शिक्षणाचा आहे, हेही सांगा. म्हणून माझा सल्ला असा की वर्षभर हेच करू नका. एका सत्रात एक समस्या नीट करा. बाकीचे धडे नेहमीच्या चांगल्या पद्धतीने शिकवा, आणि ज्या घटकांवर समस्या घेतली त्यांचा शेवटी नेहमीसारखा सरावही घ्या.

सहावी पायरी: उपाय आणि मांडणी

प्रत्येक गटाने एक उपाय निवडायचा आणि तीन गोष्टी मांडायच्या: किती पाणी वाचेल किंवा मिळेल, खर्च किती, आणि तो सांभाळणार कोण. तिसरा मुद्दा मोठी माणसंही विसरतात. गावोगाव बंद पडलेल्या योजना पाहिल्या की त्याचं महत्त्व कळतं.

मांडणी वर्गापुरती ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत मुलांना दहा मिनिटं मागून घ्या. समोर सरपंच किंवा प्लंबरचं काम करणारे एखादे पालक असले तर फारच छान, कारण ते अवघड प्रश्न विचारतात. “पाइप कितीचा घेणार? अर्ध्या इंची चालेल का?” मुलं गडबडतात, एकमेकांकडे पाहतात, मग ‘माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणतात. त्या उत्तराला गुण द्या.

समितीने उपाय नाकारला तर? मुलांना कारण विचारू द्या आणि ते लिहून घेऊ द्या. खोटं ‘हो’ म्हणू नका. समितीशी आधी बोलून किमान एखादी छोटी गोष्ट, मोटार चालवण्याची वेळ बदलणं किंवा वॉशर बसवणं, त्याच आठवड्यात होईल असं पाहा. काहीच बदललं नाही तर मुलं यातून फक्त एवढंच शिकतील की मोठे ऐकून घेतात आणि विसरतात.

मूल्यमापन

यासाठी वेगळी पद्धत लागत नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहेच. गटाला अर्धे आणि मुलाला स्वतंत्र अर्धे गुण ठेवा. स्वतंत्र गुणांसाठी एक नवंच गणित द्या: वेगळ्या मापाचं छप्पर, वेगळा पाऊस. गटाच्या आडोशाला कोण लपलं ते तिथे कळतं. शिवाय प्रत्येक मुलाकडून अर्धं पान लिहून घ्या: आधी काय वाटत होतं, मोजल्यावर काय निघालं. ती पानं वाचताना कुणाला खरंच कळलं ते उत्तरपत्रिकेपेक्षा स्वच्छ दिसतं.

जागा बदलली की समस्या बदलते. मुंबईतल्या शाळेत सुटण्याच्या वेळी फाटकासमोर होणारी रिक्षांची कोंडी घ्या. कोकणात पावसाळ्यात दप्तरात भिजणाऱ्या वह्या, विदर्भात एप्रिलमध्ये तापणारा पत्र्याचा वर्ग, गोव्यात समुद्रकाठच्या शाळेच्या पटांगणात येऊन पडणारा प्लास्टिकचा कचरा. कसोट्या त्याच तीन.

आणि कागद फेकू नका. नोंदवह्या, आकडे, समितीला दिलेलं पत्र एका फाइलमध्ये घालून पुढच्या सातवीला द्या. त्यांना पहिल्या दिवशी मागच्या वर्षाची मोजमापं मिळतील आणि ती बरोबर आहेत का, हे दोरी घेऊन तपासण्यापासून सुरुवात करता येईल.